कापसाची पॅडं

फोन आला तेव्हा मी कबनूरच्या घरी गच्चीवर गाद्या उन्हात घालत होते. पलीकडून शबाना बोलत होती, जुबेदाच्या भावाची सून. "मावशी, फुफी गेली... सकाळी चहा मागितला, आणि मी घेऊन येईस्तोवर..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. खालच्या गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता, तो तसाच चालू राहिला. माझा हात ज्या गादीवर होता ती जुबेदाच्या वडलांनी भरलेली. तिची खोळ दोनदा बदलली, आतला कापूस तोच आहे. त्या फोनला आता दीड महिना होत आला. लिहू का नको, असं करत होते. पण जुबेदा नदाफ कोण होती हे आता सांगणारी माणसं थोडी उरलीत, आणि मी तर तिला बावीस यार्डांवरून पाहिलंय.

तिची नि माझी गाठ पडली कोल्हापुरात, कॉलेजात. साल सत्तरच्या पुढचं. माझे वडील यंत्रमागावर कामाला. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बाई काय नि बाप्या काय. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. जुबेदाच्याही घरात तेच. तिचे वडील कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. घराच्या पुढच्या खोलीत आढ्याला पिंजण टांगलेली, धनुष्यासारखी. तिच्या ताणलेल्या दोरीवर, तातीवर, लाकडी ठोकळा हाणला की कापूस फुलून वर उडायचा आणि साऱ्या बोळात तुंग तुंग आवाज घुमायचा. चाचा जेवायला बसले की तो ठोकळा जुबेदाच्या हातात. आठव्या-नवव्या वर्षापासून. तिच्या मनगटात जे होतं ते तिथून आलेलं. पुढं तिचा लेगस्पिन बघून मोठमोठे लोक विचारायचे, कुणाकडं शिकलीस? ती सांगायची, "कापसाकडं."

कॉलेजात मुलींचा क्रिकेट संघ काढायचा ठरला तेव्हा दहाच मुली जमल्या. अकरावी मी. मला ना चेंडू अडवता यायचा ना फेकता, पण जुबेदानं माझं नाव परस्पर देऊन टाकलं. "अगं, मला काय येतंय त्यातलं?" असं मी म्हटलं, तर म्हणाली, "हुबी ऱ्हा की नुसती. अकरा आकडा भरायचा हाय. तुला कोण पळाय सांगतंय?" शिकवायला मिळाले ते तालमीतले एक वयस्कर वस्ताद. क्रिकेट त्यांनी आयुष्यात खेळलं नव्हतं, फक्त रेडिओवर ऐकलेलं. पण मुलींना शिकवायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. त्यांनी आमच्याकडून आधी महिनाभर बैठकाच काढून घेतल्या. पहिल्या सामन्याच्या सकाळी आम्हाला दूध कट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं, पैलवानांना पाजतात तसं भरपूर. सामन्यात अर्ध्या मुली मैदानावर पेंगत होत्या. वस्ताद सीमारेषेवरून ओरडत होते, "अगं, डोळं उघडा! झेल सोडला की!" जुबेदा तेवढी टक्क जागी. तिनं त्या दिवशी समोरचा निम्मा संघ गुंडाळला आणि मग फलंदाजीही तीच करत राहिली. परत येताना वस्ताद म्हणाले, "पोरगी न्हाय ही, जोड मिळायची न्हाय हिला." तालमीच्या माणसाकडून याहून मोठं काही ऐकायला मिळत नसतं.

जोड नव्हती, पण पॅडं नव्हती हीही गोष्ट खरीच. कॉलेजकडं पुरुषांची होती. ती बांधली की आमच्या मांडीपर्यंत यायची आणि पळताना फताक फताक वाजायची. तेव्हा चाचा म्हणाले, मी करतो. माझ्या वडलांनी मागावरचं कापड दिलं आणि चाचांनी त्यात कापूस भरून उभ्या शिवणी घातल्या, मध्ये बांबूच्या पातळ कांबी. पोरीसाठी करायचं म्हणून कापूस घेतला तो पहिल्या प्रतीचा, नवा, दोनदा पिंजलेला. लग्नाच्या गादीला घालतात तो. वडलांनीही कापड निवडलं ते मऊ, विरळ विणीचं. पायाला टोचू नये म्हणून. दोघा बापांनी मिळून माया केली ती अशी. बांधून बघितली तर इतकी हलकी, की जुबेदा ती न सोडताच बोळाच्या टोकापर्यंत पळून आली.

त्याच दिवसांत तिच्या मामूंनी गडहिंग्लजचं स्थळ आणलं. दुकानदार घर, मुलगा शिकलेला, नाव ठेवायला जागा नाही. एकच अट, हे खेळणंबिळणं बंद. चाचांनी स्थळाला होही म्हटलं नाही आणि नाहीही नाही. पुण्याला राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. त्यासाठी आमच्या संघाचा पुण्याच्या मुलींशी सामना ठेवला होता. चाचा पिंजण चालवतच म्हणाले, "जाऊन ये. घेतलं तर खेळ. न्हाय घेतलं तर मामू म्हणतोय तसं." जुबेदानं मान हलवली. बोळातून बाहेर पडल्यावर मात्र माझा हात असा काही धरला, की कोपरापर्यंत कळ गेली. "विमे, मला दुकानात बसायचं न्हाय गं," एवढंच म्हणाली.

पुण्याचं मैदान बघून आमचे डोळे फिरले. एवढं हिरवं आम्ही ऊस सोडला तर काहीच बघितलं नव्हतं. आम्ही खेळायचो काथ्याच्या चटईवर, भोवती टणक माती. पुण्याच्या मुली आधी खेळल्या. जुबेदानं मधल्या फळीतल्या एकेकीला असं फसवलं, की त्यांची कर्णधार बाद होऊन परत जाताना हसत होती. मग आमची बारी आली आणि आमच्या मुली रांगेनं परत येऊ लागल्या. एका बाजूला जुबेदा तेवढी उभी. दुपारी एक जोराची सर आली. सगळ्या आडोशाला धावेपर्यंत ती मधोमध भिजली आणि तिची पॅडंही भिजली. पाऊस थांबून खेळ सुरू झाला तेव्हा नऊ गडी बाद होते. मी आत गेले, अकरावी.

पहिल्याच धावेला माझ्या लक्षात आलं, काहीतरी बिनसलंय. जुबेदा वाऱ्यासारखी पळायची, आणि आता चिखलातून पाय उपसावा तशी येत होती. जेमतेम पोचली. खाली बघितलं तर पॅडांतून पाणी निथळत होतं. उत्तम पिंजलेला कापूस तो, सगळी सर पिऊन बसला होता. भिजलेली रजई पायाला बांधून पळून बघा म्हणजे कळेल. जुबेदानं पट्टे सोडले, दोन्ही पॅडं काढली. फेकली नाहीत हां, हातांनी उचलून पंचांच्या मागं नीट, उभी ठेवली.

पंच म्हणाले, "अहो बाई, पॅडशिवाय कशा खेळणार?" पुण्याच्या कर्णधारानं भल्या मनानं स्वतःची पॅडं मागवली. उंच मुलगी ती. जुबेदानं ती पायाला लावून बघितली आणि परत दिली. "ताई, ह्यात मी आन माझी भन दोघी मावतोय." सगळ्या हसल्या. मग तिनं स्कर्ट नीट केला, मोजे वर ओढले आणि उघड्या नडग्यांनी उभी राहिली. मीही माझ्या पायांतल्या कॉलेजच्या मोठ्या पॅडांच्या पट्ट्याला हात घातला, तर समोरून ओरडली, "ए शाणे! तू काढू नगंस. तुला लागंल!"

म्हणजे तिला लागणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. मला ते पुढच्या तासाभरात कळलं. त्यांची जलद गोलंदाज दमाची होती. पॅडं नाहीत म्हटल्यावर तिनं चेंडू पायातच टाकायला घेतले, आणि घेणारच की, सामना होता. मी समोर उभी राहून दर चेंडूला डोळे मिटायची आणि दर चेंडूला बॅटचा आवाज यायचा. मग मी डोळे उघडे ठेवायला लागले. चेंडू तिच्या घोट्याशी येतोय असं वाटायचं, आणि तिथं बॅट आधीच येऊन थांबलेली असायची. घाई नाही, झटका नाही. जेवणाऱ्याच्या ताटात भाकरी यावी तशी. मनगट जरासं वळायचं आणि चेंडू गवतावरून सरपटत सीमेकडं जायचा. मी देवळात जाणारी बाई आहे, पण हात जोडावेत असं मला त्या तासात जेवढं वाटलं तेवढं क्वचितच कुठं वाटलं असेल. निवड समितीच्या बाई खुर्ची पुढं ओढून बसल्या.

आम्ही हरलो. थोड्याच धावा हव्या असताना माझा त्रिफळा उडाला. मी रडायला लागले, तर जुबेदा पाठीत धपका घालून म्हणाली, "गप की. तू एवढी टिकलीस ह्येच्यावर पेपरात यायला पायजे." संध्याकाळी नावं वाचली, त्यात तिचं पहिलं होतं.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा मामू घरात बसलेले. जुबेदानं काही लपवलं नाही. "अब्बा, पॅडं भिजली. लई जड झाली. काढली आन तशीच खेळलो." चाचांच्या हातातला ठोकळा थांबला. निवड झाली का, किती धावा केल्या, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "इकडं ये. उंबऱ्यावर बैस. पाय दाव." ती दारात बसली. चाचांनी तिचे पाय बाहेरच्या उजेडाकडं वळवले आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बोटं फिरवत बघत राहिले. पिंजलेल्या कापसात सरकीचा खडा राहिलाय का, हे बघायचे तसे. एक वण नाही. एक लाल ठिपका नाही. तो माणूस एकही सामना न बघता त्या क्षणी सगळा सामना बघून मोकळा झाला. मामूंकडं न वळताच म्हणाले, "गडहिंग्लजला कळवा. आमची पोरगी खेळतीया म्हणावं."

पुढचं पेपरांत आलेलं आहे. ती राज्याकडून खेळली, कर्णधार झाली, देशाच्या संघातही गेली. खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली. बाहेरगावी शाळेच्या वर्गात फरशीवर झोपायचे दिवस ते, पण जुबेदाकडं चाचांनी भरलेली पातळ गादी असायची आणि तिच्यावर झोपायला मुलींची भांडणं व्हायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वस्ताद म्हणालं हुतं न्हवं, जोड न्हाय म्हणून." चाचांनी तिला खेळताना कधीच बघितलं नाही. घराजवळच्या मैदानावर सामना असला तरी ते पिंजत बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आलो तर माझं लक्ष पायाकडंच जाईल गं. खेळ कवा बघू?" पण प्रत्येक सामन्याहून आली की ती आधी उंबऱ्यावर बसायची, पाय उजेडात धरायची आणि चाचा बघायचे. मग चहा. चाचा गेले तेव्हा ती खेळणं सोडून मुलींना शिकवायला लागली होती. तरी मैदानावरून आली की थोडा वेळ तशीच दारात बसायची. एकटीच.

गेल्या आठवड्यात शबानाकडं जाऊन आले. पिंजण आता नाही, पण उंबरा तोच. त्याच्यावर एक लहान चौकोनी गादी ठेवलेली. "ही त्या पयल्या पॅडांतल्या कापसाची," शबाना म्हणाली. "फुफी दर वर्षी उकलून, हातानं पिंजून परत भरायची. दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हती. मावशी, तुम्ही घेऊन जावा." मी ती उचलली. पुण्याच्या त्या दुपारी मी दोन्ही पॅडं काखेत मारून मैदानाबाहेर आणली होती, तेव्हा त्या ओझ्यानं वाकले होते. आता हातात काही आहे असंही वाटेना.

मी ती परत उंबऱ्यावर ठेवली, होती तशी, उजेडाकडं तोंड करून. आणि तिच्याशेजारी, खाली जमिनीवर बसले.