ड्रायव्हरचं माप

तृप्ती पगारेला वैष्णवी सानप पहिल्यापासून डोळ्यांत खुपली, आणि त्यात वैष्णवीचा दोष एवढाच की तिला गाडी चालवता येत होती.

तृप्ती नाशिकच्या सिडकोतली. वडील जिल्हा परिषदेत कारकून, आई बालवाडीत शिक्षिका. मुलीनं मेकॅनिकल घेतलं तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती, म्हणून ती जास्तच हट्टाला पेटलेली. कॉलेजात शिरली त्याच वर्षी तिनं सीनियर मुलांनी स्वतः बांधलेली, खड्ड्या-चिखलातून पळणारी एका सीटची गाडी पाहिली. दर वर्षी अशी नवी गाडी बांधायची आणि मध्य प्रदेशातल्या स्पर्धेला न्यायची, अशी तिथली रीत. एक दिवस त्या सीटवर आपण बसणार, हे तृप्तीनं तेव्हाच ठरवलं. बाप लोक असेच, मुलीच्या आधी मनानं स्वतःच गाडीत जाऊन बसतात. तिच्या वडिलांनी विहारात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आलेल्या मुलांबरोबर वैष्णवी आली. सिन्नरकडच्या शेतकऱ्याची पोर, उंच, हाडापेरानं मजबूत. गणितात रडतखडत पास व्हायची, तेवढाच तृप्तीला दिलासा. पण तिसऱ्या वर्षी आडगावच्या पुढच्या एका पडीक प्लॉटवर जुन्या गाडीची चाचणी झाली, तेव्हा तृप्तीनं गाडी पहिल्याच चढावर बंद पाडली आणि वैष्णवीनं तीच गाडी अशी पळवली की पोरं बघत राहिली. शाळकरी वयापासून बापाचा ट्रॅक्टर हाकलेली ती. टीमचे सोनवणे सर तिथल्या तिथे म्हणाले, पुढच्या वर्षी ड्रायव्हर वैष्णवी, अडल्यानडल्याला तृप्ती.

‘अडल्यानडल्याला’ हा शब्द तिच्या काळजात रुतून बसला. त्या दिवशी ती घरी जेवली नाही. वैष्णवी हसली तरी तिला राग यायचा, आणि वैष्णवी बरीच हसायची. डबा उघडून आईच्या हातचा ठेचा पुढे करायची. तृप्तीला तो ठेचा आवडायचा आणि आवडतो म्हणून पुन्हा राग यायचा.

शेवटच्या वर्षी नव्या गाडीचा सांगाडा, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पाइपांचा पिंजरा, संगणकावर आखायचं काम तृप्तीकडे आलं. हेल्मेट घातलेलं डोकं आणि वरचा पाइप यांच्यात वीतभर जागा सुटायलाच हवी, नाहीतर स्पर्धेतले तपासनीस गाडी बाद करतात. म्हणून टीममध्ये जो सगळ्यांत उंच त्याचं बसवून माप घ्यायचं, मग प्लास्टिकच्या पाइपांचा कच्चा सांगाडा करून त्यात त्याला पुन्हा बसवून बघायचं, ही वर्षानुवर्षांची पद्धत. तृप्तीनं माप टाकलं ते स्वतःचं. कच्चा सांगाडा परीक्षेचं निमित्त करून टाळला. मत्सर माणसाला वकिली फार लवकर शिकवतो. आपण खोटं तर एक अक्षर बोललो नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. बुटका पिंजरा म्हणजे कमी पाइप, आणि कमी पाइप म्हणजे हलकी गाडी. वजनाचा आकडा पाहून सर खूश झाले. आत कोण बसणार, हे कुणी विचारलंच नाही.

त्या मापानं वर्कशॉपमध्ये पाइप कापले, वाकवले, वेल्डिंग झालं. मग वैष्णवीला हेल्मेट घालून आत बसवलं. हेल्मेट वरच्या पाइपाला टेकलं आणि गुडघे स्टिअरिंगला. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. नवा सांगाडा करायला ना वेळ होता ना पाइप. तृप्ती खाली मान घालून वजनाचं कारण सांगू लागली, पण तिचं सांगून व्हायच्या आधीच वैष्णवी बाहेर आली, हेल्मेट तिच्या हातात दिलं आणि तू बस म्हणाली. तृप्ती बसली. मापाचा सदरा शिवावा तसा तो पिंजरा तिला नेमका झाला.

आता तरी आनंद व्हायला हवा होता. पण गाडी शिकवायला पुन्हा वैष्णवीच. रोज सकाळी त्या प्लॉटवर ती गाडीच्या बाजूनं धावत ओरडायची, ब्रेकवरचा पाय काढ, वळणाच्या आधी बघ, वळणात नको. इतकं जीव तोडून शिकवायची की तृप्तीचा जळफळाट व्हायचा. जिची सीट गेली तिनं थोडं तरी चिडावं, दोन दिवस रुसावं. ही बया घरून येताना पेरू आणायची.

स्पर्धेच्या सकाळी गाडी रांगेत उभी होती, तृप्ती आत बसलेली. वैष्णवी वाकून तिचा सीटबेल्ट आवळत होती. तृप्तीला राहवलं नाही.

“वैष्णवी, ते माप मी मुद्दाम माझं टाकलं होतं.”

“माहितीय,” वैष्णवी बेल्ट ओढत म्हणाली. “वरचा पाइप मीच वाकवला ना. तवाच कळलं, माझं डोकं नाय मावायचं यात.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणार व्हते. मंग वाटलं, मला काय, घरी ट्रॅक्टर हाय, जलमभर चालवीन. तुलाच लय हौस, तर चालव की.” तिनं हेल्मेटवर एक टपली मारली आणि बाजूला झाली.

इतके महिने जी सीट आपण हिसकावून घेतली असं तृप्ती समजत होती, ती तिला लहान पोराच्या हातावर खाऊ ठेवावा तशी देऊन टाकलेली होती. शरमेनं तिचे कान तापले, आणि शरमेच्या मागोमाग पुन्हा तीच आग. गाडी चालवता येते ते येते, वर एवढं मोठं मनही हिच्याकडेच कशाला असावं?

झेंडा पडला. तृप्तीनं त्या दिवशी गाडी चांगली चालवली, हे कुणीही कबूल करील. निम्म्या गाड्या चिखलात रुतून बसल्या आणि कॉलेजची गाडी शेवटपर्यंत धावली. पोरांनी तिला खांद्यावर घेतलं. वडिलांचा फोन आला, ते बोलताना मध्येच आजूबाजूच्या लोकांनाही सांगत होते. तिला हवं होतं ते सगळं झालं होतं.

खांद्यावर बसून तृप्ती गर्दीत एकच चेहरा शोधत होती. वैष्णवीच्या पोटात जरा तरी दुखतंय का, तेवढं तिला बघायचं होतं. त्याच्याचसाठी तर हा सगळा खटाटोप. वैष्णवी उकिडवी बसून मागच्या चाकात अडकलेला चिखल काढत होती. तिनं वर पाहिलं, तृप्ती दिसताच चिखलाचे दोन्ही हात उंच केले आणि तोंडभर हसली.

तृप्तीनं पोरांना सांगितलं, मला खाली उतरवा.