डोळे उघडे ठेवणाऱ्या रिबकाबाई

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवणारी एकच बाई होती, रिबकाबाई. मला हे कसं कळलं विचारू नका. चोरून बघणारा मीही होतोच. पाळक हात वर करून प्रभूशी बोलत असत, सत्तर-ऐंशी माणसं माना खाली घालून बसलेली, आणि ह्या बाई पहिल्या रांगेत चटईवर चक्क मागे वळून एकेकाच्या तोंडाकडे निवांत बघत बसलेल्या. एकदा पाळकांनी हटकलंच. तर म्हणाल्या, "डोले मिटले तं मानसं नाय दिसत. मंग कोनाला काय दुखतंय ते देवाला मी सांगू कसं?" पाळक हसले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

बोईसरला एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचा हॉल. रविवारी दहाला उपासना. खाली लोखंडी पाइप उतरवल्याचा खडखडाट, वर ढोलकी आणि कीबोर्ड. काही माणसं आमच्यासारखी नगरकडून कारखान्यांत आलेली, काही डोंगरपाड्यांवरची, काही उत्तरेकडचे कामगार; म्हणून एक गाणं मराठी, एक हिंदी. संदेश संपला की पाळक विचारत, "कोणाची विनंती? कोणाची साक्ष?" अडचण असेल त्यानं उभं राहून विनंती सांगायची, अडचण सुटली असेल त्यानं साक्ष द्यायची. विनंत्या सगळ्या रिबकाबाईंच्या ताब्यात. त्या जवळच्या पाम गावात राहायच्या, एका दवाखान्यात आया होत्या, अक्षरओळख नव्हती; पण एकूण एक नाव दर रविवारी मोठ्यानं घेत. नियम एकच. साक्ष झाली की नाव गळलं. "जेवल्याला पुन्ना पान कशाला मांडायचं?" म्हणायच्या.

माझ्या धाकट्या भावाचं, सुहासचं नाव त्यांच्याकडे आईनं दिलं होतं. सुहास नोकरी सोडून दिवसभर घरी लोळायचा. एका दुपारी माझं डोकं सटकलं. आईसमोर त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणालो, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." पठ्ठ्यानं शब्द पाळला! फोन बंद, मित्रांना पत्ता नाही. पोलिसांतही कळवलं, पण काही हाती लागलं नाही.

मग दर रविवारी रिबकाबाई म्हणत, "परभू, सुहासला घरी आन. आनि जितं हाय तितं आज तो जेवलेला असू दे." सगळे आमेन म्हणायचे. मीही म्हणायचो, पण त्या नावासरशी माझाच हात मला दिसायचा. असं दीड वर्ष चाललं. शेवटी असह्य झालं, आणि एका रविवारी मी उठलो व साक्ष दिली: सुहासचा फोन आला होता, सुरतेला आहे, कामाला लागलाय, खुशाल आहे. कसली सुरत नि कसलं काय! धादांत खोटं. पण टाळ्या पडल्या, हालेलूया झालं, आईनं पदर तोंडाला लावला. पुढच्या रविवारी तिनं रीतीप्रमाणे साऱ्या मंडळीला चहा-लाडू दिले.

सुहासचं नाव गळलं. हेच मला हवं होतं. पण जिथं त्याचं नाव यायचं तिथं आता सरळ पुढचं नाव यायचं. दर वेळी वाटे, मी त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढलं.

रिबकाबाईंनी मला जिन्यात गाठलं. "प्रमोद, लोकं तुज्या साक्षीवर देवाचे आबार मानत व्हते तवा मी तुज्या तोंडाकडं बगत व्हते. भावाचा फोन आलेल्याचं तोंड तसं नसतं."

मी उखडलो. "बाई, तुम्ही प्रार्थनेला येता की माणसांवर नजर ठेवायला?"

"दोनी एकच हाय, बाबा." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "आईला सांग. मंडलीत उबा ऱ्हाऊन सांग. तवर मी त्याचं नाव मनात घेते. मोट्यानं घ्यायचं, ते तुजं काम."

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. उलट आईला दर पंधरवड्याला नवा फोन रचून सांगू लागलो: सुहासला खोली मिळाली, सुहासनं तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली. आणि दर रविवारी शेवटचं नाव झालं की रिबकाबाई श्वासभर थांबत, माझ्याकडे बघत, त्यांचे ओठ हलत. मी डोळे घट्ट मिटून घ्यायचो. तरी ते ओठ दिसायचेच.

मग त्यांना कावीळ झाली. पालघरच्या इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पण उघडे. "माजं काय नाय रे," म्हणाल्या. "सुहासचं नाव घेनारं आता कोन?"

"या रविवारी सांगतो."

"आमेन म्हन."

मी आमेन म्हटलं. शुक्रवारी त्या गेल्या, शनिवारी माती दिली, आणि रविवारी पाळकांनी विचारलं, "कोणाची विनंती?" मी उठून उभा राहिलो. "सुहासचा फोन कधीच आला नव्हता," मी म्हणालो. "मी खोटी साक्ष दिली. त्याला मीच घालवलं. त्याच्यासाठी प्रार्थना करा." कोणी रागावलं नाही. पाळकांनी प्रार्थना माझ्याकडूनच करून घेतली, आणि सुहासचं नाव मी मोठ्यानं घेतलं.

आई रिक्षात माझ्या शेजारी बसली. घरी येऊन भात टाकला आणि म्हणाली, "ठाऊक होतं मला. तुझा तो फोनवरचा सुहास माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. आपल्या सुहासनं जन्मात कधी केली होती का?"

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"तू सांगत बसायचास ना, तेवढा वेळ तो कुठंतरी आहे असं वाटायचं रे."

पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी कंपनीतून येऊन बूट काढत होतो. आई शेजारी येऊन बसली. साडीचा काठ चाचपत अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज आला होता का फोन?"

सुरतेची सगळी खबर माझ्या जिभेवर तयार होती. खोली, पगार, तब्येत, सगळं.

"नाही, आई," मी म्हणालो.