गंजीत हात घालणारा चुडामण

चुडामणचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नंदुरबारच्या आमच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा सहाला वाजे. तोवर त्याने कापसाच्या दोन्ही गंज्या तपासलेल्या असत. चार हात लांब लोखंडी सळई गंजीत खुपसायची, शंभर आकडे मोजायचे, ओढून तळहातावर धरायची. गार असली तर पुढे जायचे. कोमट असली तर तिथे हात खांद्यापर्यंत घालून बघायचा. एका गंजीला बारा जागा. सतरा हंगाम त्याने हे केले. अकराव्या जागेवर थांबलेला मी त्याला कधी पाहिला नाही. मी तिथेच टोपल्या वाहत होतो.

कारखाना रूपकंवर सेठाणीचा. पती वारल्यापासून ती पेढीच्या आतल्या खोलीत पडद्याआड बसून कारभार बघे. बाहेरची खबर मुनीम रतिलाल आत नेई.

१९४१ च्या डिसेंबरात जपान लढाईत उतरला. आमचा आखूड धाग्याचा कापूस बराचसा तिकडेच जायचा. भाव रोज उतरू लागला. उद्या गिऱ्हाईक असेल का, हेही कोणी सांगू शकत नव्हते. त्यातच अवेळी पाऊस पडला. लोणखेड्याकडून आलेल्या गाड्यांतला कापूस ओला होता. मुनिमाने घाईत तो उतरवून घेतला आणि मोठ्या गंजीत टाकून वर कोरडा पसरला.

आठ दिवसांनी थंडी वाढली. भोंग्याआधी आलेले लोक मोठ्या गंजीला पाठ लावून बसू लागले. ऊब छान लागत होती. धुडकू हमाल म्हणाला, "ये रे चुडामण, सासरानी गोधडी शे, फुकट."

चुडामण बसला नाही. सातव्या जागेची सळई त्याच्या हातातून गळून पडली. त्याने हात घातला. कोपराच्या पुढे जाईना. बाहेर काढला तेव्हा लाल झाला होता आणि त्याला भाजलेल्या सरकीचा वास येत होता.

ओला कापूस दाबून राहिला की आतल्या आत तापून पेटतो. चुडामण घाबरला. आवाराला चारी बाजूंनी भिंत, दरवाजा एकच, आत साठ माणसे. पण आत आग असल्याची खात्री त्यालाही नव्हती. गंजी फोडायची म्हणजे चार दिवस काम बंद. तिसऱ्या दिवशी स्टेशनावर वॅगनी लागणार होत्या. आत काही निघाले नाही, तर नोकरी जाणार.

तरी त्याने मुनिमाला सांगितले. रतिलाल खवळला. मुंबईचा भाव आता तुझ्या तळहातावर ठरणार का, असे त्याने सगळ्यांदेखत विचारले. लोक हसले. बोलणे पडद्याआड गेले आणि सेठाणीने दोघांना बोलावले. चुडामणची सळई धरून मी दारात उभा होतो.

"आत आग आहे, नक्की?" तिने विचारले.

"नक्की नई सांगता येत, सेठाणीबाई. पण हात टिकत नई."

मग तिने दोघांना एकच प्रश्न केला. तुमचे चुकले तर काय होईल?

चुडामण म्हणाला, चार दिवस जातील आणि माझी नोकरी. रतिलाल म्हणाला, "कारखाना जाईल."

पडदा सरकला. डोक्यावरचा पदर पुढे ओढून सेठाणी आवारात आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. लोक बाजूला झाले. सातव्या जागी तिने हात घातला आणि लगेच काढला. तिचा चेहरा दिसला नाही.

"चार दिवस मी सोसेन," ती म्हणाली. "दुसरं सोसता येणार नाही. आणि हे मी ठरवलं आहे. आत काही निघालं नाही तर चुडामणला कोणी बोलायचं नाही."

कसे फोडायचे, हे तिने त्यालाच विचारले. हवा लागली की भडका उडतो, तो म्हणाला. म्हणून आधी दरवाजा सताड उघडला, गाड्या बाहेर काढल्या, बायकांना बाहेर पाठवले, पाणी आणि ओली पोती रांगेने मांडली. मग आम्ही वीस जण वाऱ्याला पाठ करून ओढायला लागलो. पांढरा कापूस, मग पिवळा, मग तपकिरी. दुपारी काळा लागला. धूर आला आणि मुठीएवढी ज्योत उठली.

मी पळालो. चुडामणही चार पावले पळाला. मग थांबला, वळला आणि ओले पोते घेऊन ज्योतीवर पालथा पडला. आम्ही परत आलो. सूर्य मावळेपर्यंत पाणी ओतले.

निम्मी गंजी वाचली. दोन वॅगनी रिकाम्या गेल्या. त्या वर्षी कारखान्याला तोटा झाला. पण पुढच्या हंगामात भोंगा वाजला. ओली गाडी आत घ्यायची नाही, असा सेठाणीचा हुकूम झाला आणि रतिलालने तो पाळला.

चुडामणची भीती मात्र गेली नाही. त्याच्या घरावर गवताचे छप्पर होते. त्याखाली त्याला झोप लागेना. रात्रीतून तीनतीनदा उठून तो गवतात हात घालून बघे. दगूबाई, त्याची बायको, आधी हसली, मग रडली. पुढच्या पाच हंगामांची मजुरी त्याने साठवली. त्यातून घरावर कौले चढली.