अर्धी राहिलेली पात

हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते: माझी विधवा बहीण यमू माझे घर सोडून गेली, ती माझ्या चांगुलपणामुळे.

कचेरीतला इंग्रज साहेब कधी चहाला बोलावी आणि म्हणे, "आपलेच घर समजा." म्हणजे खुर्चीच्या कडेवर बसावे आणि कशाला हात लावू नये. तीच रीत मी घरी आणली. यमूला विळी धरू दिली नाही, पाणी भरू दिले नाही. "तू बस, तुझंच घर आहे," म्हणत राहिलो. एके दिवशी ती केनवडला दूरच्या दिराकडे निघून गेली. तिला आणायला दिवाळीनंतर मी अकोल्याहून मोटारीने मालेगावला उतरलो आणि पुढे बैलगाडी केली.

वाटेत चाकाची लोखंडी धाव निसटली. गाडीवान लोहाराकडे गेला, मी बांधावर बसलो. समोर काळ्या रानात कापूस फुटला होता. पहिल्या वेचणीआधी बायका सीतादही (कापसाची पूजा करून रानात दहीभात शिंपडणे) करत होत्या. एक म्हातारी माझ्याकडे आली.

"काहून बसले?"

"वाटसरू आहे. तुमचं चालू द्या."

"आमचं चालूच हाये. हे वाटी घ्या अन् त्या धुऱ्याकडं (बांधाकडे) शिंपडून या. माह्या गुडघ्याले नाही होत."

शिंपडून आलो, तर तिने कापूस टाकायला माझ्या कमरेला फडक्याची ओटी बांधली आणि एक पात (वेचणाऱ्याच्या वाट्याची ओळ) दिली. थोड्या वेळाने ओटीत डोकावली.

"कचराच येचून राह्यले तुमी. मायनं काई शिकवलं नाही काय?"

बायका हसल्या. आई गेल्यापासून मला असे कुणी रागावले नव्हते. दुपारी त्यांच्यातच बसून भाकर, ठेचा आणि दहीभात खाल्ला. हात धुवायला पाणी मागितले, तर म्हातारी म्हणाली, "हीर तिकडं हाये. येताना आमाले बी घागर भरून आना." मी घागर उचलली. इतके हलके मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा माझी पात अर्धी राहिली होती.

केनवडला यमू ओसरीवर डाळ पाखडत होती.

"घरी चल," मी म्हणालो.

"तिथं नुसती बसून काय करू, दादा?"

साहेबाचे वाक्य तोंडाशी आले होते, ते गिळले. "बसायला कोण सांगतंय? पाणी तुलाच भरावं लागेल. आणि तुझ्या वहिनीची आमटी अळणी असते, तेही बघ."

तिने सूप खाली ठेवले. "ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," म्हणाली आणि गाठोडे बांधायला आत गेली.

काल ओल्या पायांनी स्वयंपाकघरात शिरलो, म्हणून यमूने मला बाहेर काढले. त्या म्हातारीचे नावही मी विचारले नाही. तिच्या रानातली अर्धी पात माझ्याकडे बाकी आहे. आणि यमूची माफी मी अजून मागितलेली नाही.