सरकार कमी करायला निघालो होतो

निवडणूक जिंकलेल्या माणसाला किस्से सांगायला सवड नसते. पडलेल्याकडे मात्र सवडच सवड, त्यामुळे किस्से साठत जातात. माझ्याकडे आता पोतंभर झालेत. गोवा राज्य झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या एका निवडणुकीत मी पेडण्यातून उभा राहिलो होतो. पक्ष एवढासा. तालुक्यात सभासद दोनच, मी आणि गजानन. आमचं म्हणणं एकच : सरकारने थोडी कामं करावीत, पण नीट करावीत. बाकी लोकांना मोकळं सोडावं.

मी बाजारात पिठाची गिरण चालवणारा माणूस. त्या गिरणीच्या परवान्यासाठी पणजीला इतक्या खेपा घातल्या, की बसचा कंडक्टर माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करायचा. त्या वैतागातून हे सगळं झालं.

*

उमेदवारी अर्ज भरायला गेलो. क्लार्कने कागद चाळले आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमच्या पक्षाचं म्हणणं काय?"

"सरकारी कागदपत्रं कमी करायची."

"बरं आहे," तो म्हणाला. "मग ह्याच्या अजून दोन प्रती करून आणा!"

*

चोपड्याला तेव्हा नदीवर पूल नव्हता, पलीकडे फेरीबोटीनेच जावं लागे. लोक आयते सापडतात म्हणून मी बोटीतच भाषण सुरू केलं. "सरकारने धंदे कशाला चालवायचे? सगळ्यात सरकार कशाला हवं?" दोन कोळणी टोपल्या मांडीशी घेऊन ऐकत होत्या. मला चेव आला.

बोट मधोमध आली तेव्हा खलाशी माझ्याजवळ आला. अगदी शांतपणे म्हणाला, "भाऊ, ही बोट सरकारची. तुमकां नाका जाल्यार हांगाच देंवा!"

पुढचं भाषण मी काठावर उतरल्यावर केलं. ऐकायला कोणी थांबलं नाही.

*

पार्से गावात एक म्हातारी अंगणात काजूबिया वाळत घालत होती. तिला सगळं समजावून सांगितलं. तिने हात न थांबवता ऐकून घेतलं.

"बाबा, आमच्या वाड्यार नळ ना, रस्तो ना. सरकार हांगा अजून पावंकच ना. तूं तें कमी खंयचें करतलो?"

गजानन म्हणाला, "भाऊ, चला." आम्ही निघालो. तिने मात्र हाक मारून दोघांना ताक दिलं.

*

मराठी की कोकणी, हा वाद तेव्हा घराघरांत पेटलेला. एका सभेत उभं राहून एकाने विचारलंच, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "कोणी घरात काय बोलावं, ह्यात सरकारने पडूच नये."

डावीकडचे मराठीवाले उठले. उजवीकडचे कोकणीवालेही उठले. त्या अख्ख्या वर्षात त्या गावात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच : हा माणूस कामाचा नाही!

*

मतदानाला आठवडा उरला असताना गजानन सकाळी गिरणीत आला. प्रचाराच्या भिंती रंगवून त्याच्या नखांत अजून चुना होता.

"भाऊ, नोकरेचो कॉल आयला. शेती खात्यात. पणजेक."

गिरणीचा पट्टा चालू होता, तो मी बंद केला. त्याच्या घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या, हे मला ठाऊक होतं.

"कधी हजर व्हायचं?"

"सोमारा."

"मग शर्ट इस्त्री कर," मी म्हटलं. शेवटचा आठवडा एकट्यानेच फिरलो. पक्षातली निम्मी माणसं सरकारने नेली होती!

*

मतं तीन आकडी पडली, तीही जेमतेम. अनामत गेली. बायको एवढंच म्हणाली, "आता तरी दुपारचं वेळेवर जेवाल."

काही दिवसांनी एक म्हातारबाबा तांदूळ दळायला आले. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "हांवें तुकाच मत दिलें."

मला मत दिल्याचं स्वतःहून सांगणारा हा पहिलाच माणूस. मला भरून आलं. विचारलं, "बाबा, आमचं कुठलं म्हणणं पटलं?"

"म्हजे तीन पूत," ते म्हणाले. "तीनूय सरकारी नोकरेक. पणजेक क्वार्टरांत रावतात. वर्साक एकदां चवथीक येतात, दुसऱ्या दिसा परत वतात. घरांत हांव एकलोच."

मी त्यांची पिशवी उचलून तराजूवर ठेवली.

"तूं म्हणालो, सरकार कमी करतलों. म्हाका वाटलें, तिगांतलो एक तरी परतो घरा येतलो."