चोरटीसाठी रडलेल्या मुली

"बॅग उघड जरा," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, दुसऱ्या कोणाला बोलतायत. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"कोणाची?"

"तुझी गं. सोनेरी कडांची एक कॉपी कमी आहे. बघून घेऊ, म्हणजे विषय संपला."

माणिकपूरचं पुस्तकांचं दुकान. खाली पुस्तकं, वर कॅफे. रविवारची संध्याकाळ. दुकान मॅडमचं, मी तिथे काउंटरला कामाला होते. समोर रीडिंग क्लबच्या मुली उभ्या होत्या. सगळ्यांनी काळे झगे घातले होते, डोक्यावर टोप्या ओढलेल्या, कमरेला लाकडी खंजीर. आणि प्रत्येकीच्या डाव्या गालावर काजळाने एक डाग काढलेला. जळल्याचा डाग.

तो डाग कशाचा ते मला माहीत होतं. त्यांच्याइतकंच.

ज्या पुस्तकासाठी त्या जमल्या होत्या त्याची नायिका एक चोरटी मुलगी आहे. राजवाड्याच्या खालच्या वस्तीत राहते. भुकेली असते. पाव चोरते, पकडली जाते आणि शिपाई तिच्या गालावर डाग देतात, म्हणजे जन्मभर कुठेही गेली तरी लोकांना कळावं की ही चोर आहे. मग तिला पंखांचा राजपुत्र भेटतो. जादू, युद्ध, प्रेम. त्या दिवशी तिसरा भाग आला होता आणि या मुली त्या चोरटीसारख्या नटून आल्या होत्या.

मी बॅग काउंटरवर ठेवली. मी उघडली नाही. मॅडमनी उघडली.

डबा. ओढणी. पॅडचं पाकीट. फोनचा चार्जर. आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला जवळा. आई सुकी मासळी विकते. भुईगावच्या रोझी आंटींनी सांगितला होता, म्हणून मी आणला होता. रोझी आंटी आमच्या गिऱ्हाईक. त्या तिथेच होत्या, रॅकजवळ.

पिशवी घट्ट बांधलेली होती. तरी वास आलाच. एका मुलीने झग्याची बाही नाकाला लावली. दुसरी हसली, हळू, दाबून. क्लब चालवणारी इरा पुढे आली. इरा वाईट मुलगी नव्हती. माझं नाव तिला ठाऊक होतं.

"पर्सनली घेऊ नकोस हां," ती म्हणाली. "कुणाचीही चेक केली असती."

दुकानात बऱ्याच बॅगा होत्या. उघडली माझी.

मॅडमनी तळापर्यंत हात घातला. तळाशी पुस्तक होतं. सगळ्या पुढे वाकल्या. पण ते या मालिकेतलं पहिलं निघालं, माझं स्वतःचं, स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून घेतलेलं. नकली छपाई, पानं सुटलेली, रबरबँड लावलेला.

"अय्या, ही पण वाचते," कोणीतरी म्हणालं.

हे शब्द मी नंतर किती वेळा ऐकले. भांडी घासताना, रिक्षाच्या लायनीत. ही पण.

हो, मी पण वाचते. कशी वाचायला लागले ते सांगते.

आम्ही विरारला, फुलपाड्याला राहतो. एक खोली, वर पोटमाळा. आईचं माहेर अर्नाळ्याचं. बाप बोटीवर जायचा, गुडघे गेले तेव्हापासून घरी आहे. मी मराठी शाळेत शिकले, बारावीनंतर सोडलं आणि या दुकानात लागले. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. बसायला स्टूल नव्हतं. उभ्या उभ्या मी एक पुस्तक उघडलं. इंग्रजी. पहिलं पान वाचायला पूर्ण दुपार गेली. एकेक शब्द फोनवर बघायचा. पण त्या पानावर एक मुलगी भुकेली होती आणि भूक कशी लागते ते बरोबर लिहिलं होतं. आधी राग येतो, मग झोप येते. हे ज्याने लिहिलं त्याला कसं कळलं, असं मला झालं.

मग सुटलंच नाही. माझं इंग्रजी त्या पुस्तकांनी केलं, शाळेने केलं नाही.

लोक म्हणतात, या पोरींना राजपुत्र पाहिजे असतो. पंख पाहिजेत, चुंबनं पाहिजेत. ते आहेच, खोटं कशाला बोलू. पण मी ज्या पानांवर परत परत जायचे ती वेगळी होती. एका ठिकाणी तो राजपुत्र तिला विचारतो, तू उजव्या हाताने काही उचलत का नाहीस, दुखतोय का? बस, एवढंच. तिने कोणाला सांगितलेलं नसतं, त्याने बघितलेलं असतं. ते वाचून मी पुस्तक मिटलं. माझी आई इतकी वर्षं डाव्या पायावर भार देऊन चालते. तिला कोणी विचारलेलं नाही. मीही नाही.

दुकानात हीच पुस्तकं जास्त जायची. कॉलेजच्या मुली यायच्या, हॉस्पिटलच्या नर्स यायच्या. रोझी आंटी चर्चच्या शाळेत ऑफिसात होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. "मुलीसाठी नेते गो," म्हणायच्या. त्यांची मुलगी कॅनडात होती. मी कधी काही बोलले नाही. पुस्तक कागदात गुंडाळून द्यायचे, त्या मान हलवायच्या. आमच्या दोघींचं एक गुपित होतं. म्हणजे मला तसं वाटायचं.

तर बॅग तशीच उघडी होती. पॅडचं पाकीट काउंटरवर. रोझी आंटींनी माझ्याकडे पाहिलं आणि रॅककडे तोंड केलं. हातात येईल ते पुस्तक उघडून वाचायला लागल्या.

तेवढ्यात वरून, कॅफेतून आवाज आला. "गाईज, सॉरी, माझ्याच बॅगेत गेलं होतं."

एक मुलगी जिन्यावरून उतरली, सोनेरी कडांचं पुस्तक हातात. सगळ्या हसल्या. मोकळ्या हसल्या. कोणीतरी तिच्या पाठीत गंमतीने खंजीर मारला. "खरी चोरटी तूच," म्हणाली. ती लाजली. तिला तो मान वाटला.

मॅडम म्हणाल्या, "चला, मिळालं. वर जा सगळ्या, कॉफी पाठवते." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आवर ते."

मी आवरलं. जवळा, पॅड, ओढणी. बॅगेची चेन लागेना.

मग कॉफीचा ट्रे घेऊन मी वर गेले. हे मला आजही सांगायला जड जातं. मी गेले. कारण कॉफी वर न्यायची हे माझं काम होतं.

वर वाचन सुरू झालं होतं. इरा मधे बसून वाचत होती. जुन्या भागातला तो चौकातला प्रसंग, क्लबचा आवडता. शिपाई त्या मुलीला भर बाजारात थांबवतात, तिची झोळी दगडांवर उपडी करतात. लोक बघत राहतात. तिच्या आईची फाटकी ओढणी सगळ्यांच्या पायात येते. इरा छान वाचते. आवाज तिचा मधेच कापला. दोन मुली खरंच रडत होत्या. गालावरचं काजळ खाली ओघळत होतं. रडता रडता त्यांनी माझ्या ट्रेमधून कप उचलले.

मी तिथे उभी होते. ट्रे रिकामा होत गेला.

त्या खोट्या रडत नव्हत्या. खोट्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वाचन संपलं. डोळे पुसले, टोप्या नीट केल्या. इराने तिचा फोन माझ्या हातात दिला. "आमचा एक ग्रुप फोटो काढ ना. खंजीर दिसले पाहिजेत."

त्या ओळीने उभ्या राहिल्या. मी फोन वर धरला. स्क्रीनवर सगळ्या मावल्या होत्या. डाग दिलेले गाल. मी फोन खाली घेतला.

"आधी माझी माफी मागा," मी म्हणाले.

कोणाला समजलं नाही. इरा म्हणाली, "काय?"

"माझी बॅग उघडलीत. सगळ्यांसमोर. पुस्तक तुमच्याकडे निघालं. माफी मागा."

एक मुलगी शेजारणीकडे बघून पुटपुटली, "यार, सिरीयसली?" इराचा चेहरा पडला. ती बोलणार होती असं मला वाटलं. पण मॅडम जिना चढून आल्या होत्या.

"तमाशा करू नकोस," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आहेत. काम केलंय आम्ही, चेक करणं कामच असतं. तूच सॉरी म्हण आणि खाली जा."

"मी नाही म्हणणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

फोन टेबलावर ठेवला. खाली उतरले. जवळ्याची पिशवी रोझी आंटींसमोर ठेवली आणि निघाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

स्टेशनकडे चालताना मी वाट बघत होते. खरंच सांगते. कोणीतरी मागून धावत येईल, नावाने हाक मारील. रिक्षा स्टँड आला, पूल आला. कोणी आलं नाही. विरार येईपर्यंत मी वाट बघायची थांबले.

रात्री इराने टाकलेला फोटो पाहिला. खंजीर नीट दिसत होते. खाली लिहिलं होतं, जगाने चोर ठरवलेल्या प्रत्येक मुलीसाठी. खूप जणींनी लाल बदाम दिले होते.

आई म्हणाली, "पानी पी आधी." मग सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती चिडेल, त्यांच्यावर. ती म्हणाली, "सॉरी बोलायला काय जातं? मी दिवसभर बोलते. बिल्डिंगीत लिफ्टमधे घेत नाय, मी सॉरी बोलते. जिन्याने जाते. पन धंदा होतो ना?"

बाप भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मॅडमचा फोन आला. क्लबसमोर दोन शब्द बोल, झालं गेलं विसरू, असं म्हणाल्या. चांगल्या आवाजात म्हणाल्या. मी नाही म्हटलं. आईने त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढे रोझी आंटी रिक्षा स्टँडवर भेटल्या. त्यांनी माझा हात धरला. "बाळा, तू मनाला लावून घेऊ नको गो. मला पण वाईट वाटला." मी विचारलं, "तुम्ही अजून जाता तिथे?" त्या पायाकडे बघत म्हणाल्या, "दुसरीकडे कुठे मिळतात ती पुस्तकं?"

मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं घर मी पाहिलंय. आंब्याच्या सावलीत, मोठं, रिकामं. संध्याकाळी त्यांना त्या पुस्तकाशिवाय कोण आहे?

तिसरा भाग मी मिळवून वाचला. न वाचून राहवलं नाही. चोरटी शेवटी राणी निघते. तिच्या अंगात राजाचं रक्त असतं, लहानपणी हरवलेली असते. मग ज्या शिपायांनी डाग दिला ते तिच्या पायावर पडतात. चूक झाली म्हणतात, आम्हाला माहीत नव्हतं तुम्ही कोण आहात.

ते वाचताना माझ्या डोक्यात लख्ख झालं. आणि राणी नसती तर? पाव चोरणारी, भुकेली, खालच्या वस्तीतली मुलगी, तेवढीच असती तर? मग डाग बरोबर होता?

पुस्तकात याचं उत्तर नाही. लिहिणाऱ्याला प्रश्नच पडलेला नाही. वाचणाऱ्या रडतात त्या हरवलेल्या राणीसाठी. चोरटीसाठी कोणी रडतच नव्हतं. म्हणून त्यांना माझी बॅग उघडता आली आणि रडताही आलं.

मी राणी निघणार नाही. माझ्या अंगात अर्नाळ्याचं रक्त आहे, जवळा वाळवणाऱ्यांचं. पंख असलेलं कोणी फुलपाड्याला उतरणार नाही, गल्ली अरुंद आहे, वायरी लोंबतात. हे मला आता पक्कं माहीत आहे. माहीत झाल्याने बरं वाटत नाही. वाचताना मिळायचा तो आसराही गेला.

आता मी वसई पूर्वेला एका गाळ्यात कामाला आहे. प्लास्टिकचे डबे पॅक करतो आम्ही. उभ्यानेच. घरी स्थळं बघतायत. आई बोलते, पण कामापुरतं.

परवा सुपरवायझरने कल्पनाताईंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कल्पनाताई माझ्या शेजारी पॅकिंग करतात, वयाने आईएवढ्या. त्यांनी उलट उत्तर दिलं होतं. शाळेत पोरांना करतात तसं उभं केलं. लाइन चालू राहिली. सगळ्या खाली बघून डबे लावत होत्या. मी हातातला डबा ठेवला आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. भिंतीला पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

"कोणी नाही."

त्याने दोघींना गेटबाहेर काढलं. बाकीच्या आल्या नाहीत. कल्पनाताई रस्त्यावर माझ्यावरच ओरडल्या, माझं काम घालवलंस म्हणून. त्यांचंही बरोबर होतं.

उद्या गेटवर जाणार आहे. आत घेतील की नाही, माहीत नाही. घेतलं आणि त्याने पुन्हा कोणाला भिंतीकडे उभं केलं, तर मी पुन्हा डबा खाली ठेवणार. एकटी असले तरी.