आधी त्यांच्या घरी जा

आमच्या ह्यांना सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सगळे गुरुबसप्पा पेपरवाले म्हणायचे. पेपर टाकणारे नव्हेत, लिहिणारे. शहरातल्या एका छोट्या दैनिकात जन्म गेला. पगार यथातथाच, पण रुबाब असा की जणू कलेक्टर ह्यांना विचारूनच सही करतो. मी तोंडावर म्हणायची तसं. हसायचे नुसते.

एक खोड मात्र जगावेगळी. कुणी मेल्याची बातमी असली की त्या घराची पायरी चढल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. फोनवर काम होत असलं तरी हा माणूस भर उन्हात स्कूटर काढणार. आणि मलाही नेणार, कारण दुःखाच्या घरात बायका बाईजवळच बोलतात. "नडी," म्हणायचे, आपल्या कानडीत चल म्हणून, की मी गॅस बंद करून निघायचं. मी लई कटकट करायची. माणूस मेला तो मेला, आता काय विचारायचं राहिलंय? तर म्हणायचे, "अगं, त्याला आता स्वतःचं सांगता येत नाही. म्हणून आपण नीट विचारायचं."

गेल्या वर्षी अक्कलकोटला भाचीच्या लग्नाला गेलो होतो. परत आलो आणि ह्यांनी आपलाच पेपर उघडला. पहिल्या पानावर, जुळे सोलापुरात दारूच्या नशेत गवंडी इमारतीवरून पडून ठार. सोमेश नाव. खाली शोकाकुल वातावरण, मुलाने चितेला अग्नी दिला, वगैरे. ह्यांचा चहा तसाच राहिला. आडनावावरून ओळखलं, आपल्याच लिंगायतांतला. आपल्यात कुठली आली चिता? आपण माणसाला बसवतो, हातात इष्टलिंग देतो आणि माती देतो. म्हणजे लिहिणारा त्या घरी गेलाच नव्हता. चितेचं खोटं, मग दारूचं तरी कशावरून खरं?

"नडी," म्हणाले.

सोमेशची बायको शिवम्मा भिंतीला टेकून बसली होती. माझा हात धरून म्हणाली, अक्का, ह्या माणसानं कधी तंबाखूसुद्धा मळली नाही. पोराला शाळेत दारुड्याचा म्हणतात, तो दप्तरच उचलत नाही. बिल्डरचा माणूस पेपर दाखवून गेला, पिऊन पडला त्याला आम्ही काय करणार म्हणून. तिला बाकी काही नको होतं, नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसून हवा होता.

मी रडले. हे मात्र कोरडे. बाहेर आल्यावर म्हणतात, ती म्हणते तेवढ्यावर लिहिता येत नाही. अशी भडकले मी! दगड आहात का, म्हटलं. पण शिवम्माला बरोबर घेऊन दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात खेटे घातले ते ह्यांनीच. अहवाल हातात आला, शरीरात दारूचा थेंब नव्हता. सोमेशबरोबरचे गवंडी भेटले, त्यांनी सांगितलं की एवढ्या उंचीवर कमरेचा पट्टा कुणालाच दिलेला नव्हता. नशेचं सांगणारा बिल्डरचा मुकादम, आणि आमच्या पेपरानं ते फोनवरूनच उतरवून घेतलेलं.

ह्यांनी बातमी लिहून दिली. संपादकांनी ठेवून घेतली. पाडव्याला त्या बिल्डरची पानभर जाहिरात असते. मला घरात बसून कळलं ते ह्यांना कळत नव्हतं असं नाही, पण रोज विचारायचे. शेवटी आलं छापून. आतल्या पानावर, कांद्याच्या बाजारभावाखाली, चार ओळींचा खुलासा. पट्ट्याचा शब्दही नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून ह्यांना बाजारभाव लिहायला बसवलं.

शिवम्मा तोवर पोराला घेऊन माहेरी, वैरागला निघून गेली होती. ते पान घेऊन आम्ही तिथं गेलो. तिनं चार ओळी वाचल्या, पान उलटून पाहिलं, परत वाचल्या.

"अण्णा, खोटं पहिल्या पानावर, आणि खरं कांद्याखाली? हे वाचणार कोण?"

ह्यांनी मान खाली घातली. त्यानंतर घरी पेपर यायचा, पण हे घडी मोडायचे नाहीत. माणूस आतून खचला की. मी जेवा म्हणून ओरडायची, ते हो म्हणायचे आणि ताट तसंच. संपादकाला माझे शिव्याशाप लागायचे असते तर केव्हाच लागले असते.

आषाढात एका सकाळी अंघोळ करून लिंगपूजेला बसले ते उठलेच नाहीत.

रुद्रभूमीत माती दिली. शिवम्मा वैरागहून धावत आली. माझ्याजवळ बसून तिनं सगळं विचारलं, काय दुखत होतं, आदल्या दिवशी काय खाल्लं, शेवटचं काय बोलले. मी सांगत गेले, तसं जरा हलकं वाटलं. पेपरातलं कुणी फिरकलं नाही. बातमी मात्र फोटोसकट आली. ज्येष्ठ पत्रकार, निर्भीड लेखणी, काय अन् काय. आणि शेवटची ओळ, त्यांच्या पार्थिवावर शोकाकुल वातावरणात अग्निसंस्कार करण्यात आले.

डोकंच फिरलं माझं. जन्मभर दुसऱ्यांच्या पायऱ्या चढला तो माणूस, आणि त्याच्या मरणाला पेपरातल्या लोकांना पेठेतली चार पावलं जड झाली? फोन लावला. पलीकडचा पोरगा बोलायला बरा होता. सॉरी काकू म्हणाला, उद्या दुरुस्ती टाकतो, काय झालं ते फोनवरच सांगा.

"फोनवर नाही," मी म्हटलं. "घरी या, मग सांगते."

अजून कुणी आलेलं नाही.